ठाण्याच्या नौपाड्यातलं थंडीच्या कपड्यांचं दुकान: अकरा आठवडे बर्फात वापरून मग लिहितेय

सामान घेतलं नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि लिहितेय एप्रिलमध्ये. मधले अकरा आठवडे मी आणि आमचे हे लेकीकडे होतो, कॅनडात, ओटावाला. दुकानातून नेलेलं सगळं रोज अंगावर होतं, रोज धुतलं जात होतं, म्हणून आता बोलायला हरकत नाही. दुकानातून बाहेर पडल्या पडल्या पाच तारे देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. ब्लाउज घेऊन जाताना सगळ्याच बायका म्हणतात, छान झालाय. खरं काय ते पहिल्या धुण्यानंतर कळतं.

मी पाचपाखाडीत घरी एकतीस वर्षं ब्लाउज शिवले. कपडा हातात आला की आधी उलटा करायचा, टीप बघायची, आत माया किती सोडलीय ते बघायचं, ही सवय आता मेल्यावरच जाईल. दुकानाला माझ्याकडून साडेतीन तारे. अर्धा तारा मी बुटांचा कापलाय आणि एक अख्खा ताराही बुटांचाच कापलाय. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गोखले रोडला लागून असलेल्या गल्लीत आहे, जूनमध्ये दप्तरं आणि रेनकोट, दिवाळीनंतर थंडीचे कपडे, एवढ्यावर नौपाड्यातल्या कोणालाही कळेल.

दुकान लहान आहे. गल्ल्यावर मालकाच्या आई बसतात, मागे एक माळा आहे आणि मालक त्या माळ्यावरून सतत काहीतरी खाली फेकत असतो. वय असेल पस्तीस-चाळीस. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत त्याने कोर्स केलाय, तिथला फोटो भिंतीवर आहे. गिऱ्हाईक बहुतेक मनाली, गुलमर्ग, स्पितीवालं. जॅकेटं भाड्यानेही मिळतात, अनामत ठेवून.

बाहेर ३३ अंश होते. मी रिक्षातून उतरले तेव्हा पदराने मान पुसत होते, आणि आत एक जोडपं कानटोप्या घालून आरशात बघत होतं. मला हसूच आलं. मालकाने एसी १८ वर लावून ठेवला होता. म्हणाला, "काकू, दहा मिनिटं बसा. घाम वाळू दे, मग घालून बघा. घामात सगळंच गरम वाटतं."

मग त्याने जो प्रश्न विचारला तो मला पुढे अकरा आठवडे आठवत राहिला. "बर्फ बघायला चाललाय की राहायला?"

मी म्हटलं, राहायला. लेकीचं ऑफिस, नातवाची शाळा, जावई अर्धा महिना दौऱ्यावर. जानेवारीत त्याला शाळेच्या बसपर्यंत सोडायचं आणि आणायचं काम आमचंच.

"मग यादी बाजूला ठेवा," म्हणाला.

यादी मी केलेली होती. त्यात वरून पहिलं होतं जाड जॅकेट आणि खालून पहिलं होतं सुती बनियन, सहा नग. सुती बनियन वाचल्यावर तो उठला. एक सुती रुमाल आणि थर्मलची एक जुनी बाही घेतली, दोन्हींवर पाण्याच्या बाटलीतलं बुचभर पाणी ओतलं, पिळून पंख्याखाली टाकलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. पंधरा मिनिटांनी मला हात लावायला सांगितला. बाही जवळजवळ कोरडी. रुमाल गार आणि ओला.

आता यात नवीन काय? मी जन्मभर कापडच हाताळलंय, सूत पाणी पितं हे मला त्याने शिकवायला नको होतं. पण मी ते नेहमी कौतुकानेच बघितलं होतं. ठाण्याच्या मे महिन्यात सुती ब्लाउजच का घालायचा, तर तो घाम पितो, तो घाम हळूहळू वाळत जातो आणि अंग गार राहतं. तोच गुण उणे वीसमध्ये वैरी होतो. चालताना पाठीला घाम येतो, बनियन तो धरून ठेवतं, तुम्ही बसस्टॉपवर थांबता आणि ओलं गार कापड पाठीला चिकटतं. लोकर उलट आहे. ती आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओलावा पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही. सुती बनियनं मी यादीतून खोडली. आमच्या ह्यांनी दोन गुपचूप नेलीच. वापरली ती ओट्याच्या फडक्यासारखी.

थर म्हणजे काय हे त्याने पाश्चात्य पद्धतीने समजावायला सुरुवात केली, बेस, मिड, आउटर वगैरे. मी म्हटलं, थांब, गोधडी. जुन्या साड्यांचे सहा-सात पदर एकावर एक टाकून टाके घालतो, ऊब साडीत नसते, दोन साड्यांच्या मधल्या हवेत असते. एकच जाड सतरंजी अंगावर घेऊन ती ऊब येत नाही. त्याला ते इतकं आवडलं की आता तो सगळ्या गिऱ्हाइकांना गोधडी सांगतो असं त्याच्या आईने मला परवा सांगितलं. एक फरक मात्र त्याने दाखवला आणि तो बरोबर होता: गोधडी वारा अडवत नाही. सगळ्यात वरचा पदर वारा अडवणारा नसेल तर आतली सगळी ऊब वारा घेऊन जातो.

आता घेतलेलं सामान. थर्मलचे चार जोड, प्रत्येकी ८५० रुपये. लोकरीचे मोजे सहा जोड, ४५० ला एक. फ्लीसचे, म्हणजे लोकरीसारख्या मऊ कृत्रिम कापडाचे, दोन झिपवाले शर्ट, १,२०० चा एक. मिटन, म्हणजे अंगठा वेगळा आणि चार बोटं एकत्र असलेले हातमोजे, दोघांना, आत पातळ हातमोजा आणि वर जाड, १,१०० ला जोडी. गळ्यातून नाकापर्यंत ओढायची नळी, २५० ची, दोन. आणि बूट, ३,४०० चा जोड, दोघांचे. एकूण बरोब्बर अठरा हजार. घासाघीस केली नाही. म्हणजे केली, पण मालकाच्या आईंनी फक्त हसून मान हलवली आणि वरून दोन तिळाच्या वड्या दिल्या.

जॅकेट त्या अठरा हजारांत नाही, आणि या दुकानाला साडेतीन तारे का, याचं अर्धं उत्तर तिथे आहे.

जॅकेट मला हवं होतं. माळ्यावरून एक सुंदर, मरून रंगाचं खाली आलं, साडेसात हजारांचं. मी सवयीने ते उलटं केलं. अस्तर छान, चेन जाड, पण खांद्यावरच्या टिपेला आतून पट्टी नव्हती. माझ्यासारख्या बाईला हे सांगावं लागत नाही की सुई जिथे जाते तिथे भोक पडतं. एका बोटाच्या टिपेत दहा-बारा भोकं. कापड कितीही पाणी अडवणारं असो, खांद्यावर बर्फ साठला, वितळला, की पाणी त्या भोकांतून आत येणार. चांगल्या जॅकेटला शिवणीवर आतून चिकटपट्टी मारलेली असते. दुसरं, ते पट्ट्यापट्ट्यांचं होतं आणि प्रत्येक पट्टीची टीप वरच्या कापडातून थेट अस्तरापर्यंत आरपार गेलेली. म्हणजे टिपेच्या ओळीवर भरण शून्य. प्रत्येक ओळ ही वाऱ्याला उघडलेली खिडकी. मी त्याला ते बोटाने दाखवलं.

त्याने जॅकेट माझ्या हातातून घेतलं, घडी केली आणि परत माळ्यावर टाकलं. "काकू, हे मनालीला चार दिवस चालतं. तुम्हाला विकणार नाही. जॅकेट तिकडेच घ्या. तिकडच्या हवेसाठी तिकडचे लोकच बनवतात."

साडेसात हजार गुणिले दोन. पंधरा हजारांचं गिऱ्हाईक त्याने स्वतःच्या हाताने परत पाठवलं. स्टेशन रोडवरच्या एका मोठ्या दुकानात मी आधी चौकशी केली होती, तिथल्या पोराने मला याहून पातळ जॅकेट "कॅनडा स्पेशल" म्हणून दाखवलं होतं. म्हणून हे लिहून ठेवायला हवं.

पिसांचा मुद्दाही तिथेच निघाला. सगळ्यात हलकी आणि गरम जॅकेटं बदक-हंसाच्या पिसांची असतात. आमच्या ह्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, पिसं अंगावर घेणार नाहीत. दुकानदार अजिबात हसला नाही. म्हणाला, काका, कृत्रिम भरण घ्या, थोडं जड असतं, पण पिसं ओली झाली की गोळा होऊन बसतात आणि ऊब जाते, हे भिजलं तरी बऱ्यापैकी काम करतं. लेकीने मग तसंच घेऊन ठेवलं. माझं मात्र पिसांचं आहे. माझ्या गळ्यात माळ नाही.

ओटावाच्या विमानतळावर लेक दोन कोट हातावर टाकून उभी होती. तिने ते आतच घालायला लावले. मला वाटलं उगाच कौतुक. मग सरकता दरवाजा उघडला. बाहेर उणे २२ होतं. थंडीचं वर्णन करत नाही, फक्त एवढंच की पहिल्या श्वासाला नाकातले केस कडक होतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आणि चमकीचं तर कोणीच सांगितलं नव्हतं. नाकातली सोन्याची चमकी गाडीपर्यंत जाईस्तोवर टोचायला लागली. धातू अंगाच्या आधी गार पडतो आणि त्या भोकाच्या आतपर्यंत थंडी नेतो. कानातल्या कुड्यांचंही तेच. दुसऱ्या दिवशी दोन्ही काढून डबीत ठेवल्या. काचेच्या बांगड्याही काढाव्या लागल्या, मिटनचं मनगट बांगड्यांवर अडकून वर सरकत नव्हतं आणि नेमक्या त्या दोन बोटांच्या फटीतून वारा शिरत होता. साठाव्या वर्षी पहिल्यांदा मोकळे हात. दुकानदाराने हे सांगायला हवं होतं असं म्हणणार नाही, तो पुरुष आहे. पण त्याच्या आई सांगू शकतील, मी त्यांना सांगून आलेय.

तिकडच्या कोटात काय वेगळं होतं ते शिवणाऱ्या नजरेने सांगते. चेनीवर आडवी पट्टी, तिला चिकटणारी बटणं, म्हणजे चेनीच्या दातांतून वारा शिरत नाही. बाहीच्या आत आणखी एक विणलेली आखूड बाही, मनगटाला घट्ट. कमरेला आतून नाडी. मांडीच्या मध्यापर्यंत लांबी, म्हणजे बसस्टॉपच्या बाकावर बसलं तरी बूड कोटावरच. आणि बगलेत एक चौकोनी तुकडा, कळी म्हणतो तो, त्यामुळे हात वर केला तरी कोट कमरेतून वर येत नाही. एवढं शिवायला दिवस लागतो. तो कोट महाग का, हे मला पटलं.

कपडे घालण्याची रीत मात्र मला कोणी शिवणाऱ्याने शिकवली नाही, साडेचार वर्षांच्या नातवाने शिकवली. पहिल्या सोमवारी सकाळी मी कोट, टोपी, मिटन सगळं चढवून तयार, आणि मग बूट घालायला वाकले तर वाकताच येईना, आणि मिटनमध्ये बोटं एकत्र असल्याने बुटाची नाडी धरता येईना. तो दारात उभा राहून बघत होता. "आजी, नाही! आधी पँट. मग बूट. मग जॅकेट. मग टोपी. मिटन एकदम शेवटी." शाळेत त्यांना हाच क्रम शिकवतात, मधल्या सुट्टीत वीस-बावीस मुलांना बाहेर खेळायला न्यायचं असतं ना. मग त्याने मला कोट घालायची युक्ती दाखवली. कोट जमिनीवर उघडा पसरायचा, टोपीची बाजू आपल्या पायांकडे. दोन्ही हात बाह्यांत खुपसायचे आणि उचलून डोक्यावरून मागे टाकायचा. बाह्या बरोबर बसतात. मी केलं नाही, खांदा दुखतो. त्याला मात्र मी त्याच्या बदल्यात एक गोष्ट करून दिली. तो रोज एक मिटन हरवून यायचा. परकराची जास्तीची नाडी सोबत होती. तिच्या दोन टोकांना दोन मिटन शिवले आणि नाडी कोटाच्या एका बाहीतून पाठीमागून दुसऱ्या बाहीत काढली. मिटन काढला तरी बाहीला लोंबकळतो. मला वाटलं मोठा शोध लावला. लेक म्हणाली, आई, इथल्या आज्याही हेच करतात.

मिटनच का, हातमोजे का नाहीत, हे दुकानदाराने नौपाड्यातच सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं. बोटं एकत्र असली की एकमेकांना तापवतात, वेगळी केली की प्रत्येक बोट एकटं कुडकुडतं. आमच्या ह्यांनी हट्टाने बोटांचे हातमोजे लेकीकडून घेतले, चार दिवसांत मिटनवर आले. आतला पातळ मोजा फार कामाचा. किल्ली लावायला, फोन उचलायला वरचा काढायचा, आतला राहू द्यायचा. या मिटनना माझे पूर्ण गुण. शिवण कुठेही उसवली नाही.

थर्मल: चांगले. दुकानात मला सगळे जाडच हवे होते, त्याने निम्मे पातळ घ्यायला लावले. इथे तो माझ्यापेक्षा शहाणा ठरला. तिकडे घरात, बसमध्ये, दुकानात सगळीकडे हीटर, २१-२२ अंश. जाड थर्मल घालून किराणा आणायला गेलं की दुकानात घामाघूम, आणि घाम घेऊन परत बाहेर, म्हणजे सुती बनियनची गोष्ट पुन्हा. वरचं झटकन उघडता आलं पाहिजे. झिपवाला फ्लीस त्यासाठीच. फ्लीसला दोन महिन्यांत काखेत बोंडं आली, १,२०० मध्ये तेवढं चालतं. एका थर्मलचं कमरेचं इलॅस्टिक सैल झालं, ते मी काढून नवीन घातलं. पाच मिनिटांचं काम, पण शिवता न येणाऱ्याने तक्रार केली असती.

गळ्याची नळी दोन नको, माणशी दोन घ्या. नाकावर ओढली की श्वासाची वाफ तिच्यात जमते आणि दहा मिनिटांत तोंडासमोर कापडाचा बर्फ होतो. मग ती फिरवायची, पाठची बाजू पुढे. घरी आलं की वाळत टाकायची आणि दुपारी दुसरी.

मोज्यांबद्दल एकच सांगते: दोन जोड एकावर एक घालू नका. मी घातले. बूट घट्ट झाला, रक्त फिरेना, पाय एका मोज्यात असायचे त्यापेक्षा गार. एकच लोकरीचा जोड, आणि बुटात बोटं हलली पाहिजेत. मोजे उत्तम निघाले, सहापैकी एकाच्या टाचेला भोक, बाकी अजून कपाटात.

आणि आता बूट.

बूट दुकानात घेताना सगळं बरोबर झालं होतं. त्याने मोजे घालून घालायला लावले, जिना चढ-उतार करवला, एक माप मोठं दिलं. दिसायला भक्कम, वर लोकरीसारखी किनार, तळव्याला खोल खाचा. पाणी आत येत नव्हतं. पहिले पाच दिवस मी खूश होते. सहाव्या दिवशी उणे २४ होतं आणि वारा तीसच्या वेगाने. तिकडे हवामान सांगताना दोन आकडे सांगतात, एक पाऱ्याचा आणि एक अंगाला जाणवणारा. उणे वीस आणि ताशी तीस किलोमीटर वारा असला तर कातडीला ते उणे ३३ लागतं. उणे २८ च्या पुढे उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते असं त्यांचं हवामान खातं सांगतं. त्या सकाळी लेकीने नातवाच्या गालाला व्हॅसलीन चोपडलं, आणि आम्ही निघालो.

बसस्टॉपच्या अलीकडे फुटपाथवर बर्फ दाबला जाऊन काचेसारखा झाला होता. मी पाय टाकला आणि बूट लाकडी खडावेसारखा आपटला. म्हणजे खरंच तसा आवाज आला, टक्. तळवा थंडीने कडक झाला होता. खाचा होत्या, पण खाचा काय कामाच्या, रबर मऊच राहिलं नाही तर ते जमिनीला धरत नाही. मी बसकण मारली. नातू म्हणाला, "आजी, तू पेंग्विनसारखी चाल." हेही शाळेत शिकवतात, आखूड पावलं, पूर्ण तळवा एकदम टेकवायचा, अंगाचा भार पुढच्या पायावर. हाड मोडलं नाही. कोट जाड होता म्हणून वाचले, नाहीतर मार्चपर्यंत मी पलंगावर आणि सगळं घर माझ्या सेवेला.

घरी येऊन दोन्ही बूट उलटे केले. ह्यांच्या उजव्या बुटाच्या तळव्याला वाकतो तिथे बारीक आडवी चीर. सहा दिवसांत. त्याच संध्याकाळी लेकीने आम्हाला दुकानात नेलं. तिकडच्या बुटांचा खालचा भाग रबरी, वरचा चामड्याचा किंवा नायलॉनचा, आणि आत नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, एक वेगळा बूट, जो रात्री काढून हीटरजवळ वाळवता येतो. तळव्याचं रबर नखाने दाबलं तर दबतं. दोघांचे मिळून दोनशे चाळीस डॉलर झाले. रुपयांत किती झाले ते मी ह्यांना अजून सांगितलेलं नाही. शिवाय जमिनीला लागताच गोठणारा पाऊस पडतो त्या दिवसासाठी बुटाला खालून चढवायचे रबरी पट्टे, त्यांना बारीक खिळे. ते घालून घरात फरशीवर चालू नये. मी चाललेय.

रस्त्यावर मीठ टाकतात बर्फ वितळायला, त्याचे पांढरे डाग चामड्यावर उमटतात. रोज ओल्या फडक्याने पुसायचे. बूट दारातच काढायचे, सगळ्यांकडे. त्या बाबतीत कॅनडा आणि पाचपाखाडी एकच.

संक्रांतीला लेकीच्या मैत्रिणीकडे हळदीकुंकू होतं. काळी चंद्रकळा मी मुद्दाम नेली होती. खाली थर्मल, त्यावर परकर, वर फ्लीस, वर कोट, पायात नमद्याचे बूट, साडी गुडघ्यापर्यंत वर खोचलेली आणि पिशवीत चपला. आरशात बघून मला कोळीण आठवली. पण गाडीपासून दारापर्यंत पन्नास पावलं साडीचा काठ मिठाच्या चिखलात न बुडवता गेले. तिथे दारात अठरा जोड बूट आणि आत सगळ्या बायका काठपदरात. थर्मल साडीखाली कोणालाही दिसत नाही, हे सांगण्यासाठी एवढं लिहिलं. हवा मात्र इतकी कोरडी की सिंथेटिक परकर पायाला चिकटतो आणि लाइटच्या बटणाला हात लावला की ठिणगी. परकर साटिनचा नको.

ह्यांचं एक राहिलं. माकडटोपी. तपकिरी, लोकरीची, नाशिकच्या एका थंडीत घेतलेली, वीस वर्षं जुनी. मी ती बॅगेतून तीनदा काढली होती. फेब्रुवारीत एका रात्री हे कचऱ्याची पिशवी ठेवायला टोपीशिवाय गेले, पाच मिनिटांचं काम म्हणून. शेजाऱ्याशी गप्पा झाल्या, हातवाऱ्यांनी. परत आले तेव्हा डाव्या कानाची पाळी पांढरी मेणासारखी आणि बधिर. मी चोळायला धावले तर लेक ओरडली, चोळू नको. चोळल्याने कातडीला आणखी इजा होते. तळहात नुसता उबेला धरून ठेवायचा. अर्ध्या तासाने पाळी लाल झाली, मग चांगलीच दुखली. दुसऱ्या दिवसापासून माकडटोपी, वरून कोटाची टोपी. गोठलेल्या रिडो कालव्यावर आम्ही चालायला गेलो, आठ किलोमीटरला थोडा कमी असा बर्फाचा रस्ता, लोक त्यावरून स्केटिंग करत कामाला जातात. तिथे तरुण मुलांनीही तसलंच डोक्यावरून मानेपर्यंत काहीतरी ओढलेलं, फक्त काळ्या रंगाचं आणि महाग. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कालव्याकडे बघितलं.

परत आल्यावर बूट घेऊन दुकानात गेले. भांडायला नाही, पण दाखवायला. मालकाने चीर बघितली, तळवा हातात वाकवून बघितला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मी म्हटलं, जॅकेट विकलं नाहीत आणि बूट विकलेत, असं कसं?

"जॅकेटचं मला माहीत होतं काकू," तो म्हणाला. "बुटांचं माहीत आहे असं वाटत होतं. मी ते उणे पाच-सातच्या खाली घातलेच नाहीत कधी."

त्याच्या आईंनी गल्ल्यातून दोन्ही जोडांचे निम्मे पैसे, ३,४०० रुपये, काढून माझ्यासमोर ठेवले. मी त्यातून लेकीसाठी चार जोड मोजे घेतले आणि उरलेले परत घेतले. आता त्या बुटांच्या फळीवर हाताने लिहिलेली पुठ्ठ्याची पाटी आहे, "चार दिवसांच्या सहलीसाठी". अक्षर त्याच्या आईंचं आहे.

तर मनाली-गुलमर्गला जाणाऱ्यांनी तिथून सगळं घ्यावं, बुटांसकट. राहायला जाणाऱ्यांनी आतलं सगळं तिथून घ्यावं, थर्मल, मोजे, मिटन, फ्लीस, आणि कोट आणि बूट जिथे जाताय तिथले. पोचल्यावर दारापासून गाडीपर्यंत काय घालणार हे आधी लेका-लेकीला विचारून ठेवा.

दुकान सोमवारी बंद. गाडी नेऊ नका, गोखले रोडला ती लावायला जागा मिळत नाही, स्टेशनवरून चालत जा. काकांना सोबत न्याल तर त्यांना आधी बसायला स्टूल मागून घ्या, एकच आहे. आणि नोव्हेंबरात जाणार असाल तर घाम पुसायला रुमाल न्या. सुती.